आवाज न करणारी सिंगलस्पीड (एकाच गिअरची) एमटीबी (माउंटन बाइक) फ्रेम हवी आहे, नक्की काय बघून घ्यावी?

पाणकाठ
१४ सप्टेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा घाईने हवा आहे, कारण थंडीचे पाहुणे पक्षी यायच्या आत सायकल तयार पाहिजे.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो. चार वर्षं झाली, दर रविवारी पहाटे सायकलने गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जातो. सोमेश्वर, गंगापूर गाव, मग डांबर सोडून मुरमाच्या वाटा. गळ्यात दुर्बीण, पाठीवर पाणी आणि एक वही. सध्याची सायकल अ‍ॅल्युमिनियमची, २७ गिअरची, पुढे शॉकअप. चालायला छान आहे, पण आवाज फार करते. खडबडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटते, ब्रेकची केबल नळीच्या आत खुळखुळते, चढावर खालून कुठूनतरी कुरकुर येते आणि पाय थांबवला की मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टरटर सुरू. मागच्या हिवाळ्यात माळावर धाविक पक्ष्यांची जोडी दिसली. साठ-सत्तर पावलांवर असेल. मी पाय थांबवला, हब टरटरलं आणि सगळ्यात आधी टिटवी उठली. टिटवीने एकदा बोंब ठोकली की त्या माळावर अर्धा तास काही दिसत नाही, हे तिकडे फिरणाऱ्यांना माहीत आहे.

वाट बरीचशी सपाट असल्याने गिअर फारसे बदलत नाही. म्हणून ठरवलंय की नव्याने बांधायची, सिंगलस्पीड, आणि शक्य तितकी मुकी. फ्रेम स्टीलची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची? चेन ताणायला मागे सरकती खाच असलेली बरी, की ते गोल फिरणारं एक्सेंट्रिक बीबी (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस जिथे फिरतो तो भाग)? फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मिळून चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकतो, जुनी चांगली मिळाली तरी चालेल.


सातपूरकर
१४ सप्टेंबर, रात्री ९:३०

गाडी सोमेश्वरला लावा आणि पायी जा. चप्पल काढली तर तोही आवाज नाही. 😀


पाणकाठ
१४ सप्टेंबर, रात्री ९:४१

सातपूरकर, पायी गेलो तर मी पोचेपर्यंत ऊन चढतं आणि पक्षी सावलीला जातात. पहाटेचा दीड तास हाच काय तो खरा वेळ.


एक_दात
१४ सप्टेंबर, रात्री १०:२५

नऊ वर्षं सिंगलस्पीड चालवतोय, त्यामुळे हा धागा माझाच समजतो.

आधी मूळ अडचण. गिअरच्या सायकलीत डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चेनचा ढिलेपणा खातो. सिंगलस्पीडला तो नाही, म्हणून चेन ताणायची सोय फ्रेममध्येच लागते. साध्या फ्रेमला मागच्या चाकाची खाच उभी असते, आस वर जाऊन बसतो आणि मागेपुढे काही होत नाही. चेनची एक कडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. हाफ-लिंक (एकाच कडीचा सुटा तुकडा) टाकून चेन एका कडीने कमी केली तर आस साधारण ६ मिमी पुढे यावा लागतो. मागे एक दात वाढवला तर ३ मिमी. या हिशेबात नेमकी ताणलेली चेन नशिबाने बसते, आणि बसली तरी झिजून लांबली की पुन्हा ढिली.

म्हणून चार उपाय. आडवी, मागून उघडी खाच. सरकते ड्रॉपआउट, म्हणजे खाचेची पट्टीच मागेपुढे सरकते. एक्सेंट्रिक बीबी. आणि स्प्रिंगचा टेन्शनर, जो आत्ताच विसरा, कारण त्याची पुली सतत किरकिरते आणि स्प्रिंग आली की उसळणं आलंच.

माझी पसंती आडव्या खाचेला. त्यात हलणारा सुटा भाग एकही नाही, फ्रेमला जोडलेली जाड पट्टी आणि तिच्यात आस. सर्लीची कराटे मंकी २००२ मध्ये आली, २९ इंची चाकाच्या सुरुवातीच्या तयार फ्रेमपैकी ती एक, आणि तिलाही मागून उघडी खाचच होती. कोना युनिटला सरकते ड्रॉपआउट असतात. दोन्ही स्टील. नव्या घ्यायच्या तर तुमच्या आकड्यात बसणार नाहीत, कस्टम ड्युटी धरून हिशेब करा. जुन्या कधीतरी पुण्या-मुंबईत निघतात.


नांदूरनाका
१४ सप्टेंबर, रात्री ११:०२

एवढं कशाला? हिरो रेंजर घ्या. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या कितीतरी 'एमटीबी' सिंगलस्पीडच असतात, त्यांना कोणी सिंगलस्पीड म्हणत नाही इतकंच. आणि खरं सांगू, माझ्या आजोबांची काळी दांड्याची सायकल आयुष्यभर चिखलातून चालली. त्या सायकलींना आडवी खाच आणि चेन ताणायचे स्क्रू पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आवाज फक्त मडगार्डचा.


एक_दात
१४ सप्टेंबर, रात्री ११:१५

नांदूरनाका, आजोबांच्या सायकलीबद्दल शंभर टक्के सहमत. दूधवाल्याची सायकल कॅन लावूनही कुरकुरत नाही, यात शिकण्यासारखं आहे. पण रेंजर मुरमावर रोज दोन तास चालवून बघा. जड पडते, आणि तयार मिळते तशीच चालवली तर छर्रे-कपांत पाणी शिरून दोन पावसाळ्यांत वाट लागते.


घाटवाट
१५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी विरोधात. आज बॅकवॉटर, उद्या अंजनेरी, परवा दुगारवाडीच्या वाटेला लागाल. त्र्यंबकच्या पुढे चढ सुरू झाला की एका गिअरमध्ये गुडघे जातात. आवाजासाठी गिअर काढायची काय गरज? क्लचचं, म्हणजे चेनला उसळू न देणारं डिरेल्युअर लावा, चेन आपटणं नव्वद टक्के बंद.

आपल्या शहरात सायकलचं वेड आहेच. २०१५ मध्ये डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या संघात अमेरिका आरपार पार करायची रॅम ही सायकल शर्यत पूर्ण केली त्यानंतर माझ्यासारखे कितीतरी जण सायकलवर बसले. पण त्या वेडात स्वतःच्या गुडघ्यांना विसरू नये.


पाणकाठ
१५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

घाटवाट, काळजीबद्दल मनापासून आभार. अंजनेरीला मी एसटीने जातो आणि चढून जातो. ही सायकल एकाच कामाची आहे.


एक_दात
१५ सप्टेंबर, सकाळी ९:२०

गुडघ्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्याचं उत्तर मागच्या दातांत आहे. २९ इंची चाकाला पुढे ३२, मागे २० लावा. पायाच्या एका फेऱ्यात साडेतीन मीटरच्या थोडं वर जाते. तुमच्या वाटेला पुरे. डांबरावर कोणीही मागे टाकेल, टाकू द्या.


लेथवाला
१५ सप्टेंबर, रात्री ८:४८

अंबडला छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं लेथवर गेली. सायकलचा छंद मुलामुळे लागला. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पाणकाठ साहेब, तुम्ही विचारलंत स्टील की अ‍ॅल्युमिनियम. माझ्या मते कुरकुरीसाठी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की फ्रेमला दुसरे भाग जिथे बसतात ती तोंडं कशी मशीन केली आहेत. धातू स्वतःहून कुरकुरत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात, भार आला की एखाद्या मायक्रॉनने सरकतात आणि परत येतात. ते सरकणं म्हणजेच कुरकुर. म्हणून फ्रेममध्ये असे जोड जितके कमी आणि जितके घट्ट, तितकी ती मुकी.

त्यातला सगळ्यात मोठा जोड म्हणजे बॉटम ब्रॅकेट. तुमच्या सध्याच्या सायकलीत बहुतेक प्रेसफिट असणार. म्हणजे ४१ मिमीच्या भोकात प्लॅस्टिकचा कप नुसता ठोकून बसवलेला. ते भोक किंचित अंडाकार असलं, किंवा डावं-उजवं एका रेषेत नसलं, की उभं राहून पायडल मारल्यावर कप हलतो. ग्रीस लावून महिनाभर गप्प बसतो, मग पुन्हा सुरू. याउलट आट्यांचं बीबी. १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजव्या बाजूला उलटे आटे, कारण सरळ असते तर पाय मारता मारता कप सुटत गेला असता. कपाची कॉलर शेलच्या (फ्रेममधल्या बीबीच्या नळीच्या) तोंडावर दाबून बसते. तोंड काटकोनात असेल आणि त्यावर रंगाचा थर नसेल तर तिथून आवाज येत नाही.

एक्सेंट्रिकबद्दल सांगतो. कल्पना सुरेख आहे. मोठ्या शेलमध्ये गोल ठोकळा, त्यात बीबीचं भोक मध्यापासून बाजूला, ठोकळा फिरवला की पायडल पुढे-मागे. पण म्हणजे बीबीच्या जोडाबाहेर आणखी एक जोड झाला, तोही फ्रेमवर सगळ्यात जास्त भार येतो तिथे. आतून पाचर दाबून घट्ट होणारे किंवा शेल चिरून बोल्टने आवळलेले त्यातल्या त्यात बरे. नुसत्या दोन स्क्रूंवर धरलेले ठोकळ्याला खड्डे पाडतात.

तेव्हा माझा क्रम असा : आट्यांचं बीबी, मागून उघडी खाच, मग धातू.


मुरमाड
१५ सप्टेंबर, रात्री ९:१०

लेथवाला काका, वा! तरी धातूचं थोडं सांगाच. माझ्याकडे जाड नळ्यांची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आहे, खडा उडून खालच्या नळीला लागला की पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.


लेथवाला
१५ सप्टेंबर, रात्री ९:३५

बरोबर आहे तुमचं. नळी जितकी रुंद आणि तिची भिंत जितकी पातळ तितका तिचा ढोल होतो. कार्बनच्या पोकळ फ्रेममध्ये लहानसा टकटक आवाजही मोठा होऊन येतो, म्हणून तो कुठून येतोय हे सापडत नाही. स्टीलच्या नळ्या बारीक असतात, त्यामुळे खड्याचा आवाज बसका येतो. क्रोमोली आणि साध्या हाय-टेन स्टीलचा ताठपणा सारखाच असतो, हे लोकांना खरं वाटत नाही. फरक ताकदीचा. क्रोमोली जास्त ताकदवान, म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन उतरतं.

म्हणजे स्टीलच घ्या. पण बीबी बघून.


देवळालीची
१६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

सगळे शांततेच्या मागे लागलेत म्हणून वेगळं लिहिते. मी देवळाली कॅम्प, भगूर भागात पहाटे एकटी सायकल चालवते. माझ्या हबची टरटर मला हवी आहे. रस्त्याने फिरायला निघालेल्या आजी-आजोबांना मागून काही येतंय हे कळतं. दोनदा असं झालंय की मी हळू जात होते, बोलत चाललेल्या दोघी अचानक वळल्या आणि जवळजवळ धडकच झाली.

आणि बिबट्या. उसाच्या, मळ्याच्या कडेने अंधारात जाताना आवाज असलेला बरा. बिबट्या सहसा माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. चाहूलच लागली नाही तर दोघेही दचकणार. पाणकाठ, तुम्ही अंधारात निघता, याचा विचार केलाय का?


सातपूरकर
१६ सप्टेंबर, सकाळी ७:२२

बिबट्या हबच्या आवाजावरून ब्रँड ओळखतो म्हणे.


नांदूरनाका
१६ सप्टेंबर, सकाळी ७:५०

सातपूरकर, निफाडकडे राहून बघा, मग असं लिहिणार नाही. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी लेकरं अंगणात सोडत नाहीत. देवळालीची ताईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे.


सातपूरकर
१६ सप्टेंबर, सकाळी ८:०१

चुकलं, मागे घेतो. माझं गाव शहरात, मला तो अनुभव नाही.


पाणकाठ
१६ सप्टेंबर, सकाळी ९:३०

देवळालीची, हे लिहिलंत हे फार बरं केलं. डांबरावर आणि मळ्यांतून जाताना मी पितळी घंटी वाजवत जाईन, दिवा तर असतोच. शांतता मला फक्त शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला हवी, उजाडल्यावर, उघड्या माळावर. म्हणजे आवाज माझ्या हातात असावा. हवा तेव्हा करावा, नको तेव्हा होऊ नये.


देवळालीची
१६ सप्टेंबर, सकाळी ९:४४

मग ठीक. घंटी मात्र अंगठ्याजवळ लावा, हात सोडून शोधायला लागू नये.


कडक_चहा
१७ सप्टेंबर, दुपारी १:२०

एक्सेंट्रिक बीबीचा भुक्तभोगी हजर आहे. माझी जुनी फ्रेम तशीच होती. एका दुकानात दाखवली, नाव नको, त्यांनी दोन दिवस ठेवून पायडल बदलायला सांगितले. बदलले. मग क्रँक (पायडल ज्यांवर बसतात ते दांडे) बदलायला सांगितले. तेही बदलले. सहा महिने आणि बरेच पैसे गेल्यावर मीच ठोकळा बाहेर काढला तर एका बाजूला रंगाची पापुद्री आणि दुसऱ्या बाजूला कोरडी खडबड. पॉलिश पेपरने साफ केलं, ग्रीस लावलं, आवळलं. दोन महिने शांतता आणि पाऊस लागला की परत. शेवटी विकली. घेणाऱ्याला सगळं सांगून विकली.


निळा_डोंगर
१७ सप्टेंबर, दुपारी ३:०५

बेल्ट ड्राइव्हचा विचार का नाही कोणी मांडला? चेनच नाही तर चेनचा आवाज नाही. तेल नाही, पँटला डाग नाही.


एक_दात
१७ सप्टेंबर, दुपारी ४:४०

निळा_डोंगर, बेल्ट अखंड असतो, चेनसारखा तोडून जोडता येत नाही. त्यामुळे मागचा त्रिकोण कुठेतरी उघडणारी फ्रेम लागते, आणि तो बोल्टचा जोड म्हणजे लेथवाला काकांच्या हिशेबात आणखी एक. शिवाय आपल्या धुळीत कोरडा बेल्ट चिवचिवतो. पक्ष्यांना ते आवडेल की नाही माहीत नाही. फुटला तर गिरणाऱ्यात मिळेल का? चेन कुठेही मिळते. आठ-स्पीडची साधी चेन सिंगलस्पीडला उत्तम चालते. फक्त दात आणि चेन एकाच रुंदीचे घ्या. ३/३२ च्या दातांवर १/८ ची रुंद चेन टाकली की ती बाजूला खेळते आणि वाजते.

आणि ताण. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली तर एखादा सेंटिमीटर हलली पाहिजे. नवशिके तारेसारखी ताणतात, मग ती घरघरते आणि बेअरिंग खाते. पुढची चकती थोडी वाकडी बसली असेल तर एका जागी ताठ, एका जागी ढिली होते. बोल्ट जरा सैल करून ताठ जागी हलकेच ठोका, आवळा, पुन्हा फिरवून बघा. अर्धा तास जातो, पण फार समाधान मिळतं.


मुरमाड
१७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

चिमट्याबद्दल कोणी बोललं नाही. शॉकअप काढा. त्यात बुशिंग खेळतात, वरचा नळा क्राउनमध्ये (दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या भागात) दाबून बसवलेला असतो तो जुना झाला की ब्रेक मारताना कटकटतो. स्टीलचा सरळ चिमटा घ्या. फक्त लांबी बघा. १०० मिमी शॉकअप धरून बनवलेल्या २९ इंची फ्रेमला आसापासून क्राउनपर्यंत साधारण ४७० मिमीचा चिमटा लागतो. आखूड लावला तर पुढून बसते आणि पायडल दगडांना लागतं.


लेथवाला
१८ सप्टेंबर, रात्री ९:००

पाणकाठ, नवी फ्रेम घ्यायच्या आधी एक प्रयोग करा. यात खर्च नाही.

तुमच्या आत्ताच्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे २० च्या आसपास असा एक गिअर ठेवा आणि बदलू नका. चढावर कुरकुर मोजा. पायाचे दहा फेरे होताना आवाज दहा वेळा आला तर बीबी, क्रँक, पायडल किंवा सीट. सोळा वेळा आला तर मागचं चाक, कारण ३२ भागिले २० म्हणजे १.६. आणि साधारण तीन फेऱ्यांत एकदाच टक झालं तर चेनची एखादी कडी ताठ आहे, कारण शंभरेक कड्यांची चेन पूर्ण फिरायला तेवढा वेळ लागतो. आवाज दहा वेळा येत असेल तर उभे राहून मारा. थांबला तर सीट किंवा सीटचा दांडा. वाढला तर बीबी.

सिंगलस्पीडचा हा फायदा कोणी सांगत नाही. गुणोत्तर बदलत नसल्याने सायकलचं दुखणं बोटांवर मोजता येतं.


घाटवाट
१८ सप्टेंबर, रात्री ९:३३

हे मी उद्याच करणार. विरोध कायम, पण हे भारी आहे.


पाणकाठ
२२ सप्टेंबर, दुपारी १२:४०

काल चामर लेणीच्या वाटेवर मोजलं. म्हसरूळकडून चढायला लागलो तेव्हा रिमझिम होती, कोणी नव्हतं, त्यामुळे मोठ्याने मोजता आलं. दहाला दहा. उभा राहिलो तर कमी झाला पण थांबला नाही. घरी येऊन सीटचा दांडा काढला, आत वाळलेला चिखल. पुसून ग्रीस लावून बसवला. आज पुन्हा गेलो. आता बसून मारताना आवाज नाही, उभं राहून आहे. म्हणजे दोन दुखणी होती, एक गेलं, दुसरं बीबीचं.


कडक_चहा
२२ सप्टेंबर, दुपारी १:१५

मला हे सहा महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर दोन पायडल वाचले असते.


एक_दात
२२ सप्टेंबर, दुपारी २:३०

पाणकाठ, मग प्रामाणिकपणे विचारतो : फ्रेम बदलायची गरज उरली आहे का? प्रेसफिटच्या भोकात बसणारे, दोन कप मध्ये एकमेकांत आट्यांनी आवळले जातात असे बीबी मिळतात. बरेचदा तेवढ्याने काम होतं.


पाणकाठ
२२ सप्टेंबर, रात्री ८:५५

दोन दिवस हाच विचार केला. कुरकुर बंद होईल, पण आपटणारी चेन, आतली केबल आणि खडा लागल्यावर वाजणारी नळी राहतेच. आणि मला ही एकाच कामाची सायकल बांधायची आहे, यात तडजोड करावीशी वाटत नाही. वडील पक्षी बघायचे, त्यांच्या जुन्या वहीत याच माळावरच्या नोंदी आहेत. त्यांची सायकल सिंगलस्पीडच होती. मला तिथे तसंच पोचायचं आहे.


देवळालीची
२२ सप्टेंबर, रात्री ९:०२

मग घ्याच.


हबची_टरटर
२३ सप्टेंबर, सकाळी ११:००

नावावरून ओळखलं असेलच. फ्रेम कितीही मुकी घ्या, पाय थांबवल्यावर वाजतं ते हब. आत स्प्रिंगवरच्या कुत्र्या (छोटे खटके) दातांवरून घसरतात त्याचा तो आवाज. जाड ग्रीस भरलं की आवाज दबतो, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. सांभाळून. ग्रीस फार घट्ट झालं तर थंडीत कुत्री चिकटून राहते, दातात पडत नाही, आणि तुम्ही उभे राहून जोर लावता त्याच क्षणी पाय मोकळा जातो. माझी हनुवटी फुटली आहे. हबला सांगितलेलंच हलकं ग्रीस, तेही थोडं, एवढंच करा.

खरोखर मुके हब असतात, ज्यांत कुत्र्यांऐवजी रोलर किंवा स्प्रॅग (तिरके ठोकळे) अडकतात. ऑनिक्सचे स्प्रॅगचे आहेत. किंमत मात्र तुमच्या सगळ्या फ्रेमच्या बजेटला गिळून टाकेल.


एक_दात
२३ सप्टेंबर, दुपारी १२:१०

यावर फुकटचा उपाय : पाय थांबवायचाच नाही. पक्षी दिसला की ब्रेक हलका दाबत, पाय चालू ठेवत, चाक थांबेपर्यंत हळूहळू मारत जायचं. चेनवर ताण राहिला की कुत्र्या बसलेल्या राहतात, टरटर होत नाही. पंधरा दिवसांत सवय होते.


सिन्नरवाला
२३ सप्टेंबर, रात्री १०:३०

स्टील घेणार असाल तर गंजाची काळजी आधी घ्या. बांधायच्या आधी नळ्यांच्या आत जवसाचं उकळलेलं तेल फिरवा, फ्रेम उलटी-सुलटी करून, आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. आत पातळ पापुद्रा बसतो. बीबी शेलला खाली पाणी निघायचं भोक आहे का बघा. काळ्या मातीत सायकल घातली की प्रेशरच्या पाण्याने धुवू नका, माती वाळू द्या आणि झाडा. प्रेशरने पाणी बेअरिंगमध्ये जातं, पुढच्या आठवड्यात परत इथे धागा काढावा लागेल.

आणि मागच्या आडव्या खाचेत नट असलेला आस लावा, क्विक रिलीज नको. जोर लावला की उजवी बाजू पुढे ओढली जाते आणि टायर डाव्या बाजूच्या नळीला घासतो. चेन-टग (आस मागे ओढून धरणारा स्क्रू) लावला की प्रश्न मिटला. डिस्क ब्रेक असेल तर चाक मागे घेतल्यावर कॅलिपरही पुन्हा जुळवावा लागतो, तेवढं लक्षात असू द्या. पॅड रेझिनचे घ्या, धातूचे ओल्यात किंचाळतात.


पाणकाठ
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

धागा वर काढतो, कारण तुमचं देणं आहे.

फ्रेम पुण्यातून जुनी मिळाली. क्रोमोली, २९ इंची, मागून उघडी खाच, मागच्या हबला १३५ मिमी जागा, ७३ मिमीचं आट्यांचं शेल, सरळ चिमट्यासह बजेटच्या आत. मागच्या ब्रेकची केबल नळीच्या बाहेरून. उजव्या खाचेवर रंग उडाला होता, बाकी सरळ.

ती घेऊन अंबडला लेथवाला काकांकडे गेलो. त्यांनी शेलच्या आट्यांत बसेल असा मँड्रेल (तोंड कापताना शेल सरळ धरणारा दांडा) आधीच करून ठेवला होता, एक सरळ आट्यांचा, एक उलट्या. डायल लावून दाखवलं. डावं तोंड ठीक होतं, उजवं एका बाजूला ०.२ मिमी उंच, वर रंगाचा थर. अगदी बारीक काप घेऊन दोन्ही तोंडं साफ केली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा पाजला. जवसाचं तेल घरी गच्चीवर केलं, तीन दिवस बायको वासाने हैराण.

३२ आणि २०. चेन आठ-स्पीडची. चकती ठोकून मध्यावर आणायला मला अर्धा नाही, दीड तास लागला.

आज पहाटे गेलो. मळ्यांतून घंटी वाजवत गेलो, देवळालीची. मुरूम लागल्यावर घंटी थांबवली, आणि पहिल्यांदा टायरखाली खडे चुरडताना ऐकू आले. एवढाच आवाज होता. तेही कमी करायला टायरमधली हवा थोडी उतरवली. पाय न थांबवता ब्रेक दाबायची सवय अजून पक्की नाही, दोनदा चुकलो, एकदा टिटवी उठली. धाविक आज नव्हतेच. पाण्यावर चक्रवाकांचा थवा होता, काठापासून लांब गाळावर, आणि मी झाडापाशी पोचून सायकल टेकवेपर्यंत एकानेही मान वर केली नाही. वडिलांच्या वहीत १९९१ च्या नोव्हेंबरची चक्रवाकांची नोंद आहे. त्याखाली आज माझी लिहिली.


लेथवाला
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

वाचून फार बरं वाटलं. पन्नास-साठ किलोमीटर झाले की कप एकदा तपासा, नवे बसवलेले थोडे बसतात. मँड्रेल ठेवून दिलाय, इथल्या कोणाला लागला तर या.


कडक_चहा
१६ नोव्हेंबर, रात्री ८:०५

काका, येत्या शनिवारी येतो. नवी फ्रेम आहे, आट्यांची. तोंडं तेवढी बघून द्या.


घाटवाट
१६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अभिनंदन. पुढच्या रविवारी मी गिअरवाली घेऊन येतो, मागे पन्नास पावलांवर थांबेन. किती वाजता निघता?


पाणकाठ
१६ नोव्हेंबर, रात्री ८:४२

साडेपाचला सोमेश्वरच्या कमानीपाशी. दिवा आणि घंटी हवी. क्लच चालू ठेवा.


देवळालीची
१६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

पाणकाठ, जुनी फ्रेम काय करणार? भाच्याला पहिली गिअरची सायकल बांधून द्यायची आहे, उंची पाच फूट चार.


पाणकाठ
१६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

सोळा इंची आहे, त्याला बरोबर बसेल. पण बीबीची कुरकुर अजून आहे, तशी देणार नाही. शनिवारी कडक_चहांबरोबर तीही अंबडला नेतो, मग कळवतो.